चावीवाल्याची तक्रार

पत्र असं आहे :

"ताई, मी एस.टी.तून निवृत्त झालेला माणूस. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा सहा वर्षं ॲडमिन आहे. २१२ मेंबर. सगळे मला 'मालक' म्हणतात. मागच्या महिन्यात चौथ्या गल्लीतल्या एका पोराने रात्री अकराला मेसेज टाकला, की चावीवाला पैसे घेऊन दुसऱ्या गल्लीला जास्त वेळ पाणी सोडतो. चावीवाल्याचं नाव, वर फोटो. मी मेसेज उडवला. त्याने परत टाकला, मी परत उडवला. मग तो म्हणाला, 'मालक, तुमच्या दोस्ताचे फॉरवर्ड बरे चालतात.' मी त्याला काढून टाकलं. आता त्याने 'खरा ग्रुप' नावाने दुसरा ग्रुप काढलाय, ६१ जण तिकडे गेलेत आणि त्यात माझी सूनही आहे. माझे मित्र गुरुजी कधीकधी एका समाजाबद्दल जरा कडक फॉरवर्ड टाकतात हे खरं, पण वय ७४, त्यांना काय बोलणार? शिवाय दोघी-तिघी बायका तेलुगूत व्हॉइस नोट टाकतात. काय बोलतात कळत नाही, म्हणून त्यावरही तक्रारी. पोलिसांचं लफडं नको, म्हणून आता 'फक्त ॲडमिन' करून टाकावं म्हणतो, म्हणजे माझ्याशिवाय कोणाला लिहिताच येणार नाही. कोणी पक्षपाती म्हणणार नाही असे नियम कसे लावू? – एक वैतागलेला ॲडमिन"

मालक,

सगळे म्हणतात तर मीही म्हणते. आपल्या गावात रिक्षावालासुद्धा गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, तेव्हा फार मनावर घेऊ नका.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सुनेपाशी येऊन हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही. घरातलं माणूस तोंडावर काही न बोलता तिकडे जाऊन बसतं, म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेलेली आहे. आणि कोणीच पक्षपाती म्हणणार नाही असे नियम अजून कुणाला सापडलेले नाहीत. २१२ माणसं आहेत, कोणीतरी म्हणणारच. म्हणालं तर त्याच्यापुढे ठेवायला तुमच्याकडे काय आहे, एवढंच बघायचं. आज काहीच नाही.

त्या पोराची तक्रार परत वाचा. ज्याच्या हातात चावी आहे तो एका गल्लीला झुकतं माप देतो, ही त्याची चावीवाल्याबद्दलची तक्रार. तुमच्याबद्दलची? तीच. आपल्याकडे पाणी उजनीहून येवो, टाकळीहून येवो की हिप्परग्याहून, आपल्या नळाला ते येतं तो माणूस रस्त्यातलं झाकण काढून, लांब दांड्याची लोखंडी चावी आत घालून फिरवतो तेव्हा. काही दिवसांआड येणारं पाणी. त्यामुळे तो किती वाजता आला, किती वेळाने परत आला, बायका ओट्यावर उभ्या राहून घड्याळ लावून बघतात. त्याने एका ठिकाणी दहा मिनिटं जास्त दिली, तर कारण खरोखरच उताराचं किंवा प्रेशरचं असेल, पण ते त्याने सांगितलेलं नसतं. मग लोक आपलं आपण कारण ठरवतात. तुमचंही तेच झालं. दोनदा मेसेज उडाला, कारण कोणी सांगितलं नाही, मग त्याने स्वतः कारण शोधलं. ते चुकीचं होतं का? गुरुजींचं वाचल्यावर मला तरी तसं वाटत नाही.

आधी त्या मेसेजचं बघू. तो काढणं चूक नव्हतं. नुसता काढणं चूक होतं.

त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. चौथ्या गल्लीला पाणी कमी येतं, ही तक्रार. अमुक माणूस पैसे खातो, हा आरोप. तक्रार करायचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि ती ग्रुपावर नाही करायची तर कुठे? आरोपाला पुरावा लागतो. त्याशिवाय नाव-फोटो टाकून २१२ जणांपुढे असं म्हणणं ही बदनामी होते, आणि बदनामी भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ खाली गुन्हा आहे. त्याला खाजगीत फोन करून म्हणायचं होतं, "बाळा, हे असं टाक : 'चौथी गल्ली. सोमवारी पाणी ६.१० ला आलं, ६.३५ ला गेलं. दुसऱ्या गल्लीत ७.२० पर्यंत होतं. गेल्या तीन वेळांचं असंच आहे. झोन ऑफिसला अर्ज देतोय, कोण कोण सही करणार?'" नाव नाही, फोटो नाही, आणि चावीवाल्यालाही साहेबांनाही जास्त अडचणीत आणणारा मेसेज हाच. व्हॉट्सॲपवर दुसऱ्याचा मेसेज ॲडमिनला दुरुस्त करता येत नाही. ज्याने टाकला त्यालाही पंधरा मिनिटंच बदल करता येतो. तेव्हा उडवण्याआधी नाही जमलं तर उडवल्यावर लगेच फोन, पण फोन करायचाच. रात्री अकराला नको वाटलं तर सकाळी. पोरगा तुमच्या नातवाच्या वयाचा असेल, तरीही करायचा.

आणखी एक, ज्याचा या सगळ्या भांडणात कोणी विचारच केलेला नाही : चावीवाला तुमच्या ग्रुपात नाही. २१२ जणांत त्याची बाजू मांडणारा एकही नाही. हजर माणूस भांडून घेतो, खुलासा करतो, रुसून दुसरा ग्रुप काढतो. गैरहजर माणसाला त्यातलं काहीच करता येत नाही. ॲडमिनची सगळ्यात मोठी जबाबदारी मी त्या गैरहजर माणसाबद्दलची मानते. म्हणून तुम्ही चावीवाल्याला वाचवलंत हे मला आवडलं.

मग गुरुजींच्या फॉरवर्डमधला समाज ग्रुपात आहे का? त्याला का नाही वाचवलंत?

"जरा कडक" असं तुम्ही लिहिलंय. मालक, कडक भाकरी असते. अख्ख्या समाजाला चोर किंवा देशद्रोही ठरवणाऱ्या मजकुराला आपल्या भाषेत दुसरे शब्द आहेत, आणि ते तुम्हाला माहीत आहेत म्हणून तर तुम्ही 'कडक' लिहिलंत.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते सोलापूरकराला सांगायला नको. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. आठवडी बाजारात पाच माणसं दिसली, लोकांनी त्यांना धरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्यांत किती जण चांगले, वयस्कर, सुशिक्षित असतील, आणि किती ॲडमिन "त्यांना काय बोलणार" म्हणून गप्प बसले असतील. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, फार फिरलेला, दुहेरी बाणाची खूण आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. कंपनीलाही ॲडमिनचं काम थोडंफार स्वतः करावं लागलं, ते यामुळे.

गुरुजींना फोन करायचा नाही. घरी जायचं, चहा घ्यायचा आणि सांगायचं, "गुरुजी, दुहेरी बाणाचं काही आलं की आधी मला एकट्याला पाठवा, मी शहानिशा करतो आणि मग बघू." मास्तर लोकांना शहानिशा हा शब्द आवडतो. पुन्हा टाकलं तर मेसेज काढायचा आणि ग्रुपावर कारण लिहायचं, अगदी चौथ्या गल्लीच्या पोराला लिहिलं असतं त्याच शब्दांत. वय ७४ ही सवलत बसच्या तिकिटावर मिळते. ७५ नंतर फुकटच.

स्वतःला तपासायची एक साधी रीत सांगते. कोणाचाही मेसेज काढताना (किंवा काढायचं टाळताना) त्यावरचं नाव मनात बदलून बघा. हाच मेसेज त्या पोराने टाकला असता तर? हाच गुरुजींनी टाकला असता तर? उत्तर बदलत असेल, तर तो निर्णय तुम्ही एकट्याने घ्यायचा नाही.

तेलुगूच्या व्हॉइस नोटबद्दल मी बोलू नये खरं तर, पण बोलते, कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

आमच्या बायकांच्या ग्रुपाची मी ॲडमिन होते. पूर्व भागातल्या एक बाई रोज तेलुगूत बोलायच्या, भरभर, चढ्या आवाजात. एके दिवशी त्यांच्या नोटमध्ये माझं आडनाव ऐकू आलं, एकदा नाही, दोनदा, आणि मागे कोणीतरी हसल्याचा आवाज. मी नोट उडवली. वर "इथे सगळ्यांना समजेल अशा भाषेत बोलावे" असा शहाणपणाचा मेसेजही टाकला. संध्याकाळी शेजारणीने मला बाजूला घेऊन सांगितलं. बाई कडक भाकरीचा हिशोब सांगत होत्या. कोणाचे किती आले, कोणाचे किती राहिले. माझे १४० रुपये राहिले होते.

म्हणजे मी स्वतःची उधारी लपवली होती, आणि वर भाषेचा नियम लावला होता.

या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू-हिंदी एकाच गल्लीत नांदतात. इथे एकाच भाषेचा हट्ट धरणं म्हणजे निम्म्या घरांना गप्प बसवणं, आणि त्यातही घरातल्या बायकांना आधी. पुरुष बाजारात मराठी बोलतात. ज्या आजीला तेलुगूतच बोलता येतं तिने पाणी आलं नाही हे कोणत्या भाषेत सांगायचं? महत्त्वाचा निरोप असेल तर खाली एक ओळ मराठीत लिहा, एवढी विनंती करता येते. आणि कोणी तक्रार केलीच, की यात शिवीगाळ आहे, तर तेलुगू समजणाऱ्या माणसाला ऐकवायची. कळत नाही म्हणून कधी काढायची नाही.

यासाठीच तुम्ही एकटे ॲडमिन असून चालणार नाही. तिघे करा. वेगवेगळ्या गल्लीतले, त्यात निदान एक बाई, आणि तेलुगू किंवा कन्नड समजणारं एक जण. चौथ्या गल्लीचा माणूस हवाच. तो पोरगा नको, अजून राग आहे, पण त्याच्या गल्लीचा. ज्या मेसेजमध्ये आपण, आपले नातेवाईक किंवा आपले दोस्त आहेत, त्यावर त्या ॲडमिनने बोट लावायचं नाही, उरलेल्या दोघांनी ठरवायचं. गावच्या पंचांनाही एवढं कळायचं, की स्वतःच्या बांधाच्या भांडणात माणूस पंच म्हणून बसत नाही.

नियम किती? तुम्ही बहुतेक वीस-पंचवीस लिहून ठेवले असतील, एस.टी.तल्या माणसाला परिपत्रकाची सवय असते. चार-पाच पुरे, आणि ते तुम्ही एकट्याने लिहायचे नाहीत. रविवारी सकाळी मंदिराच्या पारावर नाहीतर कोणाच्या गच्चीत, येतील तेवढ्यांना बोलवा आणि तिथे ठरवा. येणार नाहीत त्यांच्यासाठी ग्रुपावर मतदानाची सोय आहेच. अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या विषयातल्या त्या पहिल्या महिला. सामाईक पाणी, कुरणं, मासेमारी गावंच्या गावं पिढ्यान्पिढ्या कशी सांभाळतात याचा त्यांनी अभ्यास केला होता. जिथे टिकलं, तिथे नियम पाणी वापरणाऱ्यांनीच केलेले होते, पहिल्या चुकीला शिक्षा अगदी लहान होती आणि मग ती चढत जायची, पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्याला, लोक जाब विचारू शकायचे, आणि भांडण मिटवायला जवळ, बिनखर्चाची जागा होती. पाण्याचं आहे, पण तुमच्या ग्रुपाला जसंच्या तसं लागू पडतं.

तुमच्याकडे पहिली पायरीच नव्हती. सरळ दोनदा उडवलं आणि बाहेर. आधी खाजगी निरोप. मग मेसेज काढायचा, पण कारणासकट. मग आठ दिवस बाहेर, आणि नवव्या दिवशी तुम्ही होऊन परत घ्यायचं, त्याला "मालक, घ्या की परत" म्हणायला लावायचं नाही. (व्हॉट्सॲपवर एकट्या माणसाला गप्प बसवायची सोय ॲडमिनला नाही, म्हणून बाहेर काढावं लागतं.) धमकी, कोणाच्या बायका-मुलींचे फोटो किंवा नंबर, "चला, त्यांना धडा शिकवू" असली भाषा, याला पायऱ्या नाहीत. दिसलं की काढायचं, आणि गरज पडली तर स्क्रीनशॉट ठेवून पोलिसांना कळवायचं.

कारण देणं तुम्हाला कमीपणाचं वाटत असेल, तर हे ऐका. फेसबुक-यूट्यूबसारख्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून कोणाचा मजकूर काढला, तर त्याला कारण कळवलं पाहिजे आणि हरकत घ्यायची संधी दिली पाहिजे, असं आपल्याकडच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत लिहिलेलं आहे. तुम्हाला तो नियम बांधील नाही. पण कोट्यवधी लोकांना सांभाळणाऱ्यांकडून ज्याची अपेक्षा आहे ते २१२ जणांच्या मालकाला जड जाऊ नये.

आणि वही ठेवा. डेपोत गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली तरी कंट्रोलर कारण लिहून ठेवतो, तुम्हाला मी काय सांगावं. तारीख, कोणाचा मेसेज, कोणत्या नियमाखाली काढला, कोणी काढला, फोन केला का. तीन महिन्यांनी वही उघडायची. नऊ मेसेज काढलेत आणि त्यातले आठ चौथ्या गल्लीचे, असं दिसलं तर एकतर ती गल्ली फार वात्रट आहे, नाहीतर तुम्ही. वही कोणी मागितली तर दाखवायची.

गुड मॉर्निंगच्या फुलांचं मला विचारू नका. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आता पोलिसांची भीती. ती थोडी खरी आहे आणि बरीचशी चहाच्या टपरीवरची. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजबद्दल, नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. मेसेज टाकणाऱ्याशी समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत असला पाहिजे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असाच निकाल दिला. लोक ज्या '६६-अ' कलमाची भीती घालतात, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय. समाजासमाजांत वैर पसरवण्याचं कलम मात्र जिवंत आहे, पूर्वीचं १५३-अ, आता न्याय संहितेचं १९६. ते लिहिणाऱ्याला आणि पुढे ढकलणाऱ्याला लागतं. म्हणजे भीती बाळगायचीच असेल तर चौथ्या गल्लीच्या पाण्याची नको, गुरुजींच्या फॉरवर्डची बाळगा. तुम्ही नेमकं उलटं केलंत.

'फक्त ॲडमिन' करू नका. विमानतळाला अडथळा होते म्हणून १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा आमच्या भागातल्या एका ग्रुपात विमानतळवाले आणि कारखानावाले असे काही भिडले, की ॲडमिनने वैतागून ग्रुप बंद करून टाकला. भांडण थांबलं. पण पाचव्या दिवशी एका घरी मयत झाली, त्यांना ग्रुपावर लिहिता येईना, ॲडमिन गावाला गेलेला आणि फोन लागेना. पोरं दारोदार जाऊन निरोप सांगत होती, तरी दोन गल्ल्यांना स्मशानातून माणसं परत आल्यावर कळलं. त्या घरच्यांनी पुढे वर्षभर ॲडमिनशी बोलणं टाकलं होतं. फारच पेटलं तर एका रात्रीपुरतं बंद करा, आणि बंद करतानाच लिहा, की सकाळी सातला उघडणार. सातला उघडा. चिमणी पाडावी की नाही, यावर दोन्ही बाजूंनी कितीही वेळा बोललं गेलं तरी ते राहू द्यायचं असतं. आईबहिणीवरून गेलं, की तेवढं काढायचं, दोन्ही बाजूंचं.

राहता राहिला तो पोरगा. आज संध्याकाळी त्याला फोन करा, मेसेज नको. माफीचं फार लांबवू नका, त्या वयाच्या पोरांना लाजल्यासारखं होतं. "तुझा मेसेज कारण न सांगता काढला, ते चुकलं. नाव-फोटो टाकायला नको होतं हे माझं अजून म्हणणं आहे. पाण्याची वेळ लिहून ठेवली आहेस का?" एवढं बोला. ठेवली असेल, अशी पोरं ठेवतात. मग तो अर्ज दोघांच्या सहीने झोन ऑफिसला द्या, पोच घ्या, आणि पोचेचा फोटो तुमच्या ग्रुपात तुम्ही टाका, त्याच्या ग्रुपात तो टाकेल. फोन उचलला नाही तर सुनेला सांगा, ती निरोप पोचवेल. ती तिकडे का गेली, हे मात्र तिला विचारत बसू नका.

'खरा ग्रुप' बंद करायची अट घालू नका. दोन ग्रुप असले तर असू द्या. उलट तुम्हीच तिकडे साधा मेंबर म्हणून घ्यायची विनंती करा. घेतील की नाही सांगता येत नाही, ॲडमिन तो आहे. घेतलं, तर पहिले पंधरा दिवस काही टाकू नका.